सततच्या कामाने दुखावलेला हात आणि फिजिओथेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनगट, कोपर, अंगठा आणि बोटं यांच्या दुखण्याबद्दल पेशंट आणि त्यांच्या घरचे मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टरांनी 'आरएसआय' असं लिहून दिलंय. हा नेमका कोणता आजार?

हा एक आजार नाही. रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी हे अनेक दुखण्यांना मिळून दिलेलं नाव आहे. टेनिस एल्बो, अंगठ्याच्या मुळाशी होणारं डी क्वेरवेन, बोट अडकणारं ट्रिगर फिंगर आणि मुंग्या आणणारं कार्पल टनेल ही सगळी त्यात येतात. कधी कधी ठरावीक नाव न देता येणारी हाताची दुखणीही त्यातच धरतात. म्हणून कागदावर नुसतं 'आरएसआय' असेल तर पुढचा प्रश्न जरूर विचारा: दुखतंय ते कंडरेत, म्हणजे टेंडनमध्ये, की नस, म्हणजे नर्व्ह, दबली आहे? दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

ही दुखणी कॉम्प्युटरमुळे जन्माला आलेली नाहीत. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर लेखणी चालवणाऱ्या कारकुनांचे हात कसे निकामी होतात, हे त्याने त्याच ग्रंथाच्या १७१३ सालच्या वाढवलेल्या आवृत्तीत नोंदवलं.

२. माझं काम काही जड नाही, दिवसभर फक्त माउस हलवते. मग एवढं का दुखतं?

वजन कमी असलं तरी स्नायूला सुटी मिळत नाही, म्हणून. माउस धरलेल्या हातात मनगट किंचित वर उचललेलं असतं, बोट क्लिक करायला तयार असतं आणि खांदा नकळत वर चढलेला असतो. हे स्नायू तासन् तास थोडे थोडे आखडलेलेच राहतात.

दुखणं सुरू व्हायला बहुतेक वेळा आणखी एक निमित्त असतं, ते म्हणजे काम अचानक वाढणं. शिवणकाम करणाऱ्या ताईंना दिवाळीच्या आधी, शिक्षकांना पेपर तपासताना, आयटीतल्या मुलांना रिलीजच्या आठवड्यात आणि द्राक्षबागेत कात्री चालवणाऱ्यांना छाटणीच्या दिवसांत त्रास सुरू होतो. हात कामाला सरावतो, पण त्याला त्यासाठी आठवडे लागतात आणि काम एका रात्रीत दुप्पट होतं. तुमचं दुखणं सुरू होण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत काय बदललं होतं, ते आठवून लिहून ठेवा. तपासताना मला याचा खूप उपयोग होतो.

३. कुठे दुखतं यावरून काय झालंय ते घरी ओळखता येईल का?

पक्कं निदान होणार नाही, पण अंदाज बांधता येतो.

कोपराच्या बाहेरच्या हाडाशी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि पाण्याची भरलेली कळशी किंवा दुधाची पिशवी उचलताना दुखत असेल, तर टेनिस एल्बोची शक्यता मोठी. टेनिस कधी न खेळलेल्यांनाच तो जास्त होतो. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुखत असेल, बाळाला उचलताना किंवा बरणीचं झाकण उघडताना कळ येत असेल, तर डी क्वेरवेन. सकाळी बोट मुठीत अडकून खटकन सुटत असेल तर ट्रिगर फिंगर.

मुंग्यांच्या बाबतीत करंगळीकडे लक्ष द्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी मात्र चांगली आहे, रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, हे कार्पल टनेलचं चित्र आहे. उलट करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर कोपराच्या आतल्या बाजूची नस दबलेली असू शकते. कोपर दुमडून तासन् तास फोन कानाला लावणाऱ्यांत आणि कोपर टेबलावर टेकवून बसणाऱ्यांत हे दिसतं. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर प्रश्न १३ पाहा.

४. आराम केला की बरं वाटतं, कामाला लागले की परत दुखतं. महिनाभर पूर्ण आराम करू का?

नको. सगळ्यात जास्त वेळा मला हेच सांगावं लागतं, आणि नेमकं हेच लोकांना पटायला अवघड जातं.

पहिले काही दिवस दुखवणारं काम कमी करणं योग्यच आहे. पण महिनाभर हात न वापरल्याने कंडरा बरी होत नाही, ती आणखी अशक्त होते. तिच्यावर ओढ पडली तरच तिच्यातले कोलॅजनचे धागे नीट बांधले जातात. हात बांधून ठेवला की दुखणं शमतं, पण ओझं पेलायची ताकदही घटते. मग कामावर परतल्यावर पूर्वी सहज पेलणारं कामही जास्त होतं, पुन्हा दुखतं आणि पुन्हा आराम घ्यावा लागतो. वर्ष-वर्ष या चक्रात अडकलेली माणसं मी रोज पाहते.

म्हणून दुखवणारं काम कमी करायचं आणि त्याच वेळी मोजूनमापून व्यायाम सुरू करायचा. व्यायामाची पद्धत प्रश्न ६ मध्ये आहे, आणि काम थांबवणं शक्यच नसेल तर प्रश्न ११ वाचा.

५. शेक द्यायचा की बर्फ लावायचा?

नवी सूज असेल, जागा गरम लागत असेल, तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. जुनं, आखडलेलं दुखणं असेल तर शेक. दोन्हींनी तात्पुरता आराम पडतो, मूळ दुखणं बरं होत नाही. हाताला बधिरपणा असेल तर मात्र शेकाच्या पिशवीपासून जपा. चटका कळत नाही आणि फोड येतो. मधुमेह असलेल्यांनी तर फारच जपावं.

६. टेनिस एल्बोला नेमका कोणता व्यायाम करायचा?

तीन टप्पे आहेत. घाई करून पुढच्या टप्प्यावर उडी मारू नका.

पहिल्या टप्प्यात हात हलवायचाच नाही. खुर्चीवर बसा, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेबलावर ठेवा, तळवा खाली, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. दुसऱ्या हाताने पंजाच्या पाठीवर खाली दाब द्या आणि दुखरा हात त्या दाबाविरुद्ध तसाच सरळ धरून ठेवा. ३० ते ४५ सेकंद धरा, मग एक-दोन मिनिटं विश्रांती. असं पाच वेळा, दिवसातून एकदा. दाब इतकाच की हात थरथरणार नाही. बऱ्याच जणांना यानेच दुखणं उतरल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या टप्प्यात वजन येतं. अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली साधारण अर्धा किलो भरते, सुरुवातीला तेवढी पुरे. हात तसाच टेबलावर. मनात तीन मोजत पंजा वर न्या, चार मोजत खाली आणा. वर नेताना जास्त दुखत असेल तर दुसऱ्या हाताने उचलून घ्या आणि खाली मात्र दुखऱ्या हातानेच, सावकाश आणा. दहा ते पंधरा वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. सगळे चुकतात ते वेगात. बाटली नुसती वरखाली झटकली तर त्याचा काही फायदा नाही. पंधराचे तीन सेट सहज जमू लागले की वजन थोडं वाढवा.

तिसऱ्या टप्प्यात तुमच्या कामासारख्या हालचाली येतात: जाड टॉवेलची गुंडाळी सावकाश पिळणं आणि सोडणं, कोपर सरळ ठेवून वजन उचलणं, रबरी पट्टा ओढून खांदा आणि पाठ मजबूत करणं. अनेक जण दुसऱ्या टप्प्यात बरं वाटलं की व्यायाम सोडतात, आणि दोन महिन्यांनी परत येतात. गवंडी, सुतार, दिवसभर क्लच दाबणारे रिक्षाचालक यांच्या हाताला लागणारी ताकद अर्ध्या किलोच्या बाटलीने कशी येणार? त्यांनी तिसरा टप्पा पूर्ण केल्याशिवाय थांबू नये.

७. व्यायाम करताना दुखतं. थांबवायचा का?

शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर व्यायाम बंद करू नका, वजन किंवा सेट कमी करा. हा नियम कंडरेच्या दुखण्यासाठी आहे. मुंग्या आणि बधिरपणाला तो लागू नाही. व्यायामानंतर मुंग्या वाढून तशाच रेंगाळल्या तर तो व्यायाम जास्त झाला असं समजा.

८. मला रात्री मुंग्या येतात. हेच व्यायाम करू का?

नाही. कार्पल टनेलमध्ये मनगटातली मीडियन नस दबलेली असते, तिथे ताकदीच्या व्यायामाने सुरुवात करत नाहीत.

पहिला उपाय रात्रीचा पट्टा. झोपेत आपण मनगट दुमडतो आणि नसेवरचा दाब वाढतो. पट्ट्याने मनगट अगदी सरळ राहिलं पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे वाकवणारी असते. ती बाहेर काढून हाताने सरळ करा आणि परत घाला. एवढ्याशा गोष्टीने फरक पडलेले पेशंट मी पाहिले आहेत. निदान सहा आठवडे रोज रात्री वापरा. चार दिवस लावून 'उपयोग नाही' म्हणू नका.

दिवसा बोटांच्या कंडरा सरकवण्याचा व्यायाम: बोटं सरळ, मग आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, मग परत सरळ. प्रत्येक स्थिती काही क्षणच. नस सरकवण्याचे व्यायाम आधी कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. त्यात ताणून धरायचं नसतं, व्हिडिओ पाहून करणारे नेमकं तेच करतात.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत हा त्रास होतो आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर कमी होतो. तोवर रात्रीचा पट्टा सुरक्षित आहे.

९. बाळ झाल्यापासून अंगठ्याजवळ मनगट दुखतं. बाळाला उचलणं तर थांबवता येत नाही.

हे बहुधा डी क्वेरवेन. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस सर्जनने १८९५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. अंगठा बाहेर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळच्या एका अरुंद बोगद्यातून जातात आणि तिथे त्या घासल्या जातात.

बाळाच्या काखेत अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी एल करून उचललं की नेमक्या याच कंडरांवर भार येतो. त्याऐवजी एक हात ढुंगणाखाली आणि एक मानेखाली, तळवे वर, अंगठे बोटांना जोडून, असं उचला. पाजताना बाळाचं डोकं मनगटावर तोलू नका, हाताखाली उशी घ्या. अंगठ्यासकट आधार देणारा पट्टा काही आठवडे वापरा. अंगठा मुठीत घेऊन मनगट खाली वाकवून 'दुखतं का' हे रोज तपासू नका. ती तपासणी आहे, व्यायाम नव्हे, आणि रोज केल्याने दुखणं चिघळतं. घरच्यांना एक विनंती: बाळाचे कपडे पिळणं आणि जड भांडी उचलणं हे काही महिने तिच्याकडे देऊ नका.

१०. दहा दिवस करंट घेतला, अल्ट्रासाउंड घेतलं, दुखणं तसंच आहे. आणखी दहा सिटिंग घेऊ का?

नका घेऊ. टेन्स किंवा आयएफटीच्या करंटने दुखणं काही काळ दबतं, त्या वेळात व्यायाम सोपा जातो, एवढ्यापुरतं ते ठीक. अल्ट्रासाउंडमुळे ही दुखणी बरी होतात याचा पुरावा कमकुवत आहे. टेप आणि ड्राय नीडलिंग (औषधाशिवाय स्नायूत सुई टोचणं) यांचंही तसंच, साथीला चालेल, पण फक्त त्यावर विसंबू नका.

आमच्या व्यवसायातल्या लोकांना हे आवडणार नाही, तरी सांगते: ज्या ठिकाणी मशिन लावून तुम्हाला वीस मिनिटं एकटं सोडतात, हातात ताकद किती हे कुणी मोजत नाही आणि घरी करायचा व्यायाम देत नाही, तिथे पैसे घालवू नका. फिजिओथेरपिस्टची नोंदणी विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात ती ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडे होते.

११. माझं पोळ्यांचं काम आहे, रोजच्या दीडशे-दोनशे पोळ्या. काम थांबवलं तर घर कसं चालणार?

काम थांबवायला मी सांगणार नाही. काम कसं करता ते मात्र बघू या.

ओटा आधी पाहा. तो उंच असेल तर खांदे वर चढतात, मनगट मागे वाकतं आणि सगळा जोर मनगटातून लागतो. पायाखाली पाट किंवा भक्कम चौरंग घ्या, म्हणजे लाटताना कोपर किंचित दुमडलेलं राहील आणि वरच्या अंगाचा भार खाली येईल. मग लाटणं बघा. मुठीत आवळून धरण्याऐवजी बोटं सैल सोडून तळव्याखाली फिरवा. कणीक थोडी सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. घट्ट कणीक लाटायला जास्त जोर लागतो, आणि दोनशे पोळ्यांत तो किती होतो ते हातच सांगतो. मळण्यासाठी मशिन परवडत असेल तर पहिला खर्च त्यावर करा. चिमट्याने अंगठा थकतो, म्हणून जमेल तिथे उलथनं वापरा. दोघी असाल तर तीस-चाळीस पोळ्यांनंतर लाटणारीने भाजायला घ्यावं आणि भाजणारीने लाटायला.

शिवणकाम करणाऱ्यांनी कात्रीची धार वेळेवर लावून घ्यावी. बोथट कात्री अंगठ्याचं दुखणं वाढवते. कुणाचंही काम असो, धुणं पिळणं काही दिवस बंद ठेवा. निथळायला टांगा.

१२. लॅपटॉपवर काम करतो. कोणती खुर्ची घेऊ?

खुर्चीआधी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणला की कीबोर्ड उंच होतो, आणि कीबोर्ड योग्य जागी ठेवला की मान खाली झुकते. वेगळा कीबोर्ड असेल तरच दोन्ही साधतं, पडद्याखाली पुस्तकांची चळत ठेवली तरी भागतं. माउस कीबोर्डला चिकटून, हात लांब न करता पोहोचेल असा. कोपरापासूनचा हात टेबलावर टेकलेला असावा, नुसतं मनगट कडेवर दाबलेलं नसावं. दर अर्ध्या तासाने अर्धा मिनिट हात मांडीवर सोडा. महागडी खुर्ची घेऊन तिच्यावर सलग चार तास बसण्यापेक्षा हे बरं.

१३. हाताचे सगळे उपचार झाले, फरक नाही. दुखणं मानेतून येत असेल का?

येऊ शकतं. मानेतली नस दबली की कळ, मुंग्या आणि अशक्तपणा हातात जाणवतो. मान मागे किंवा त्याच बाजूला वाकवल्यावर हातात कळ उतरते का आणि हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं का, ते पाहा. कार्पल टनेल आणि मान दोन्हींचा त्रास एकाच वेळी असलेले पेशंटही असतात. म्हणून चांगली तपासणी मानेपासून सुरू होते. तुमची मान कुणी पाहिलीच नसेल तर दुसरं मत घ्या.

१४. कोपराचा पट्टा दिवसभर घालायचा का?

फक्त जोराचं काम करताना. टेनिस एल्बोचा अरुंद पट्टा दुखऱ्या हाडावर बांधू नका. त्याच्या दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागावर बांधा. बोटं बधिर होत असतील तर तो जास्त आवळला आहे. रात्री काढून ठेवा. मनगटाच्या पट्ट्याचा नियम याच्या उलट आहे, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

१५. इंजेक्शनने एका दिवसात बरं होतं म्हणतात. घेऊ का?

कोणतं दुखणं आहे, त्यावर उत्तर अवलंबून आहे. टेनिस एल्बोला स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभरानंतर पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघते. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात परतलं, औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणून टेनिस एल्बोसाठी मी थांबायला सांगते.

डी क्वेरवेन आणि ट्रिगर फिंगरमध्ये मात्र तेच इंजेक्शन चांगलं काम करतं. तिथे भीतीपोटी महिनोन् महिने सोसत बसू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी बोला. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

१६. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर वेगळं काय?

दोन्हींत कार्पल टनेल जास्त होतं. मधुमेहात एकाहून अधिक बोटं अडकतात आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. फार काम नसतानाही दोन्ही हातांना मुंग्या येऊ लागल्या, तर साखर आणि थायरॉइड दोन्ही तपासून घ्या. हातांबरोबर पायांनाही मुंग्या असतील तर तो मनगटाचा प्रश्न नसावा, फिजिशियनकडे जा.

१७. तबला वाजवतो. रियाज बंद करू का?

बंद नको, तुकड्यांत करा. दोन तास सलग वाजवण्याऐवजी वीस-वीस मिनिटांचे भाग, मध्ये विश्रांती. सुरुवात विलंबित लयीत आणि हलक्या हाताने, रेला शेवटी. बायावर घसीट घेताना मनगटाचं मूळ दाबलं जातं, मुंग्या येत असतील तर तो भाग काही आठवडे कमी करा.

एक अपवाद नीट लक्षात घ्या. दुखत काहीच नाही, पण वाजवताना एखादं बोट आपोआप वळतं किंवा ऐकत नाही, आणि जेवताना-लिहिताना तेच बोट व्यवस्थित चालतं, असं असेल तर ते फोकल डिस्टोनिया असू शकतं. जास्त रियाजाने ते सुधारत नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

१८. बरं व्हायला किती दिवस लागतात?

कंडरेच्या दुखण्याला नियमित व्यायामाचे तीन महिने धरून चला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून घाबरू नका. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात बरा होतो. दुखणं जितकं जुनं तितका वेळ जास्त, म्हणून सहा महिने तेल चोळत थांबू नका. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. जोराने रगडणं, 'शीर बसवणं', झटका देणं नको.

१९. फिजिओथेरपीत वेळ न घालवता थेट डॉक्टरांकडे कधी जायचं?

अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, बधिरपणा दिवसरात्र राहत असेल, हातातून वस्तू पडत असतील, तर ताबडतोब. तिथे नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश नीट जातो का ते पाहणं) आणि कदाचित शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर संधिवाताची तपासणी करा.

२०. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

दुखणं खरं आहे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्या हजारो लोकांनी अशी तक्रार केली, तेव्हाही त्यांच्यावर हाच आरोप झाला होता. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही आणि नसेचा थोडासा त्रास कधी कधी तपासणीत सापडत नाही. शिवाय महिनोन् महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था हळवी होते आणि हलक्या स्पर्शालाही दुखणं म्हणते. अपुरी झोप आणि नोकरीची धास्ती यांनी ते आणखी वाढतं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

अशा वेळी व्यायाम फार कमी वजनाने, अगदी रिकाम्या हाताने सुरू करतात आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवतात. रोज चालणं आणि झोपेची वेळ सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे. पुढच्या वेळी येताना घरच्या एकाला बरोबर घेऊन या, त्यांच्यासमोर तपासणी करून कुठे काय दुखतंय ते मी दाखवते.